बर्फ आणि सरपण : युरोपीय निसर्गचित्रांतला खेड्याचा हिवाळा

हिवाळ्यातले खेडे हा युरोपीय निसर्गचित्रणातला स्वतंत्र आणि दीर्घायुषी विषय आहे. पंधराव्या शतकाच्या आरंभी तो हस्तलिखित पोथ्यांच्या पानांवर आला, सोळाव्या शतकात ओकच्या फळ्यांवर मोठा झाला, सतराव्या शतकात डच बाजारात हातोहात खपू लागला आणि एकोणिसाव्या शतकात फ्रान्स व रशियात त्याला नवे अर्थ मिळाले. एवढ्या काळात बर्फ रंगवण्याच्या तऱ्हा कितीतरी बदलल्या. चित्रातल्या गावकऱ्यांची कामे मात्र जवळजवळ तीच राहिली : झाड तोडणे, काटक्या गोळा करणे, मोळी पाठीवर घेऊन घर गाठणे, डुक्कर कापून मांस खारवणे, शेकोटीपुढे हातपाय शेकणे. या चित्रांविषयीचे लेखन बहुतेक वेळा बर्फाच्या सौंदर्यापासून सुरू होते आणि तिथेच संपते. खरे तर हिमाच्छादित खेड्याचे चित्र मुळात ऊब मिळवण्याच्या कष्टांचे चित्र आहे आणि सरपण हा त्याचा बर्फाइतकाच महत्त्वाचा विषय आहे. ही बाजू ध्यानात ठेवली की या चित्रपरंपरेचा क्रमही नीट उलगडतो.

महाराष्ट्रात हिवाळा हा शेतीच्या धांदलीचा हंगाम असतो. रब्बीची ज्वारी आणि हरभरा शेतात उभा असतो, हुरडा भाजला जातो, ऊसतोड जोरात असते. आल्प्सच्या उत्तरेकडची स्थिती याच्या अगदी उलट होती. थंडीचे काही महिने जमीन दगडासारखी कडक होई, नांगर चालत नसे, कुरणे बर्फाखाली जात. साठवलेला चारा सगळ्या जनावरांना वसंतापर्यंत पुरेल अशी खात्री नसे. म्हणून डुकरे थंडीच्या तोंडावरच कापली जात आणि त्यांचे मांस मिठात घालून ठेवले जाई. नद्या आणि कालवे गोठले की नावा अडकून पडत, पाणचक्क्या थांबत आणि दळणाची पंचाईत होई. शेत बंद असले तरी गावाला उसंत नव्हती. पाने गळलेल्या झाडांच्या फांद्या छाटायच्या, त्यांच्या मोळ्या बांधायच्या, कुंपणे दुरुस्त करायची, फासे लावून पक्षी धरायचे, ही सारी थंडीतली कामे होती. त्यांतले सर्वांत निकडीचे काम सरपणाचे. घरात लाकूड संपले तर धान्य असूनही उपयोग नसे.

ही कामे चित्रांत शिरली ती दिनदर्शिकेच्या वाटेने. मध्ययुगीन ख्रिस्ती प्रार्थनापोथीच्या सुरुवातीला सणांचे आणि संतांच्या दिवसांचे वेळापत्रक असे आणि प्रत्येक महिन्यापुढे त्या महिन्याचे एखादे काम रंगवण्याची पद्धत होती. चर्चच्या दरवाजांवरच्या दगडी कोरीवकामातही हीच मालिका आढळते. नोव्हेंबरपुढे डुकरांसाठी ओकची फळे झोडपणारा माणूस, डिसेंबरपुढे डुक्कर कापणारा, फेब्रुवारीपुढे आगीशी पाय शेकत बसलेला. या चित्रांत प्रदेश जवळपास नसायचा. एक माणूस आणि त्याचे काम एवढ्यावर महिना ओळखू येई. हवामान दाखवण्याची गरज चित्रकाराला वाटत नव्हती, कारण पाहणाऱ्याला ते ठाऊकच होते.

बर्फाने झाकलेला सबंध प्रदेश दाखवण्याचा सुरुवातीचा एक मोठा प्रयत्न उत्तर इटलीतल्या त्रेंतो येथे दिसतो. तिथल्या किल्ल्याच्या एका बुरुजात सुमारे १४०० साली बारा महिन्यांची भित्तिचित्रे काढली गेली. त्यांतल्या जानेवारीच्या चित्रात सरदार घराण्यातले स्त्री-पुरुष एकमेकांना बर्फाचे गोळे मारत आहेत. बर्फ आहे, पण तो धनिकांच्या खेळासाठी. खेड्याचा हिवाळा खऱ्या अर्थाने पहिल्यांदा दिसतो तो यानंतर काही वर्षांनी, बेरीच्या ड्यूकसाठी तयार झालेल्या 'त्रे रिश अर' या प्रार्थनापोथीत. नायमेगेन गावचे हर्मन, पॉल आणि योहान हे लिंबुर्ग बंधू तिचे चित्रकार. १४१६ मध्ये ड्यूक वारला, त्याच वर्षी हे तिघेही भाऊ वारले आणि पोथी अपुरी राहिली. ती आज फ्रान्समधल्या शांतिई येथील कोंदे संग्रहालयात आहे.

तिचे फेब्रुवारीचे पान सावकाश पाहण्यासारखे आहे. सबंध पान जेमतेम २९ × २१ सेंटिमीटरचे. डावीकडे शेतकऱ्याचे लाकडी घर आहे आणि आतले दिसावे म्हणून चित्रकाराने त्याची समोरची भिंतच काढून टाकली आहे. आत आग पेटली आहे. निळ्या पोशाखातली एक स्त्री झगा थोडासा उचलून शेकते आहे. तिच्या मागची दोन माणसे कपडे पार वर करून, कसलीही भीड न ठेवता बसली आहेत. भिंतीशी दांडीवर कपडे वाळत घातले आहेत. अंगणात मेंढ्या वाड्यात एकमेकींना खेटून उभ्या आहेत, फळीवर मधमाश्यांच्या गवती टोपल्या मांडल्या आहेत आणि त्यांवर बर्फाच्या टोप्या चढल्या आहेत, पक्षी दाणे टिपत आहेत. पांढरट शाल डोक्यावरून घेतलेले कुणी तोंडावरच्या हातांत फुंकर घालत घराकडे निघाले आहे. पलीकडे एक जण कुऱ्हाडीने झाड तोडतो आहे आणि त्याच्याही पुढे एक माणूस ओझे लादलेले गाढव हाकत टेकडीवरच्या गावाची वाट चढतो आहे. आग, कुऱ्हाड आणि वाहतूक असा सरपणाचा सगळा प्रवास या छोट्या पानात उलट्या क्रमाने मांडलेला आहे. चित्राचा मालक फ्रान्सच्या राजाचा भाऊ होता. शेतकऱ्याची उघडी मांडी त्याला गंमत म्हणून दाखवली असेल. तरीही ज्याने हे पान रंगवले त्याने थंडी अंगावर घेतलेली होती, याविषयी शंका राहत नाही.

यानंतर दीडशे वर्षांनी पीटर ब्रूगेलने हा विषय पोथीतून बाहेर काढला. अँटवर्पचा धनाढ्य व्यापारी निक्लास योंगेलिंक याच्यासाठी त्याने १५६५ मध्ये वर्षाच्या ऋतुकाळांची एक चित्रमालिका रंगवली. ती बहुधा सहा चित्रांची होती आणि प्रत्येक चित्रात दोन महिने येत. त्यांतली पाच आज उरली आहेत : तीन व्हिएन्नात, एक प्राग येथे, एक न्यूयॉर्कला. पुढच्याच वर्षी योंगेलिंकने एका परिचिताच्या देण्याला जामीन म्हणून ब्रूगेलची १६ चित्रे अँटवर्प शहराकडे तारण ठेवली. रक्कम होती १६,००० गिल्डर. थंडीत राबणाऱ्या माणसांची चित्रे अशी श्रीमंताच्या भिंतीवर आणि नंतर त्याच्या हिशेबाच्या वहीत गेली. या विषयाच्या इतिहासात गिऱ्हाईक आणि चित्रातला माणूस यांच्यातले हे अंतर सतत जाणवते.

मालिकेतले हिवाळ्याचे चित्र, 'बर्फातले शिकारी', आज बहुतेक सर्वांच्या परिचयाचे आहे. ११७ × १६२ सेंटिमीटरच्या फळीवर डाव्या अंगाने तीन शिकारी आणि त्यांची दमलेली कुत्री उतारावरून गावाकडे वळली आहेत. एवढ्या लवाजम्याला मिळालेली शिकार म्हणजे भाल्याला लटकणारा एक किडकिडीत कोल्हा. शेजारच्या खाणावळीची पाटी एका कडीवर लोंबकळते आहे आणि तिच्याखाली काही जण डुकराचे केस होरपळून काढण्यासाठी गवताचा जाळ करत आहेत. काळ्या झाडांची रांग नजरेला खाली दरीत घेऊन जाते. तिथे गोठलेल्या तळ्यांवर माणसे घसरत, खेळत आहेत. पाणचक्कीचे चाक बर्फात अडकले आहे. एक बाई मोळी घेऊन पुलावरून चालली आहे. दूर एका धुराड्याने पेट घेतला आहे आणि शेजारी शिडी घेऊन धावले आहेत. ज्या आगीसाठी इतकी धडपड, तीच कधी छपरापर्यंत पोचते, हेही ब्रूगेल विसरलेला नाही. दरीच्या मागे उठलेले टोकदार डोंगर नेदरलँड्सचे नव्हेत. इटलीच्या प्रवासात त्याने आल्प्स ओलांडला होता, तिथून ते आले आहेत. हे कुठल्या एका गावाचे चित्र नाही. हिवाळा समजून घेऊन रचलेला तो एक प्रदेश आहे.

रंगांचा हिशेब तर थक्क करणारा आहे. आकाश आणि गोठलेले पाणी एकाच हिरवट करड्या छटेत आहे, त्यामुळे थंडी वरूनही दाटते आणि खालूनही. ब्रूगेल रंगाचे थर पातळ ठेवी. फळीवरचा खडूचा पांढरा लेप त्यातून झिरपतो आणि बर्फाला आतून उजेड मिळतो. त्या उजेडावर माणसे, कुत्री, पक्षी गडद आकृत्या होऊन उमटतात. बर्फामुळे माणूस स्पष्ट दिसतो. उन्हाळ्याच्या हिरव्या गर्दीत जो शेतमजूर नजरेतून सुटला असता, तो इथे लांबूनही चालण्याच्या ढबीवरून ओळखू येतो. खेड्यातल्या श्रमाचे चित्रण हिवाळ्यात इतके फुलले याचे हे एक साधे, दृष्टीशी निगडित कारण आहे.

मालिकेतले पुढचे चित्र उतरत्या हिवाळ्याचे, म्हणजे फेब्रुवारी-मार्चचे आहे. त्यात अंधारून आलेल्या आकाशाखाली माणसे फांद्या छाटून मोळ्या बांधत आहेत. शेजारी कार्निव्हलच्या सणाचा कागदी मुकुट घातलेले पोर आहे. सण आणि सरपण एकाच कोपऱ्यात. कलासमीक्षकांनी 'बर्फातले शिकारी'वर जेवढे लिहिले त्याच्या मानाने या चित्राकडे दुर्लक्षच झाले आहे. खरे तर हिवाळ्यातल्या कामाचे इतके अचूक चित्र ब्रूगेलनेही दुसरे काढलेले नाही.

ब्रूगेलच्या बर्फात राज्यसत्ताही वावरते. १५६६ च्या 'बेथलेहेमची शिरगणती' या चित्रात बायबलमधली कथा एका बर्फाळ फ्लेमिश खेड्यात घडते. खाणावळीच्या खिडकीशी लोकांची दाटी झाली आहे, कारण कर भरायचा आहे. भिंतीवर हाब्सबुर्ग राजघराण्याचे दुतोंडी गरुडाचे चिन्ह आहे. गाढवावर बसलेली येशूची आई मरिया गर्दीत शोधावी लागते. नेदरलँड्सवर तेव्हा स्पेनच्या दुसऱ्या फिलिपची सत्ता होती. बायबलमधल्याच बालकांच्या कत्तलीच्या चित्रात तर घोडेस्वार सैनिक बर्फाने भरलेल्या गावात शिरून घरोघर दारे फोडत आहेत. हे चित्र पुढे सम्राट दुसरा रुडॉल्फ याच्याकडे गेले आणि मारल्या जाणाऱ्या मुलांच्या जागी गाठोडी, खाद्यपदार्थ आणि जनावरे रंगवून घेण्यात आली. आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहातल्या या चित्रात आया गाठोड्यांसाठी आक्रोश करताना दिसतात. कत्तल झाकली गेली, पण आयांचे चेहरे तसेच राहिले.

सोळाव्या शतकातला हिवाळा खरोखरच कडक होता. सुमारे चौदाव्या ते एकोणिसाव्या शतकापर्यंतच्या थंड कालखंडाला हवामानाचे अभ्यासक 'लघु हिमयुग' म्हणतात आणि १५६० च्या दशकापासून युरोपात त्याचा कडाका वाढला. १५६४-६५ चा हिवाळा विशेष कठीण गेला. चित्रांचा या हवामानाशी संबंध जोडणे मोहाचे आहे. हान्स न्यूबर्गर या हवामानशास्त्रज्ञाने १९७० मध्ये युरोप-अमेरिकेतल्या संग्रहालयांमधील १४०० ते १९६७ या काळातल्या १२,००० हून अधिक चित्रांमधली आकाशे तपासून ढगांचे प्रमाण मोजले होते. तरीही चित्राला तापमापक समजणे चूक ठरेल. ब्रूगेलचे 'पक्ष्यांचा सापळा आणि हिवाळा' हे १५६५ चे चित्र त्याच्या मुलाने आणि इतरांनी इतक्या वेळा उतरवले की त्याच्या शंभराहून अधिक प्रती आज ज्ञात आहेत. थंडी कमी-जास्त होत राहिली, मागणी टिकून होती. चित्रकार वर्षभर घरात बसून, टिपणवहीतल्या रेखाटनांवरून बर्फ रंगवत.

सापळ्याच्या त्या चित्रात उजवीकडे काठीच्या टेकूवर उभे केलेले एक जुने दार आहे, खाली दाणे टाकले आहेत, पक्षी जमले आहेत. डावीकडे गोठलेल्या नदीवर माणसे निर्धास्त घसरत आहेत. दुरून पाहता माणसे आणि पक्षी आकाराने सारखेच दिसतात. बर्फ केव्हा फुटेल आणि दार केव्हा पडेल हे दोघांनाही ठाऊक नाही. उपदेश चित्रातच मुरलेला असल्यामुळे वेगळा सांगावा लागत नाही.

१५८५ मध्ये स्पॅनिश सैन्याने अँटवर्प घेतल्यावर दक्षिणेकडचे अनेक कारागीर आणि चित्रकार उत्तरेकडे गेले. ब्रूगेलची परंपरा त्यांच्याबरोबर हॉलंडमध्ये पोचली आणि हिवाळ्याचे चित्र हा तिथे स्वतंत्र, भरपूर खपणारा प्रकार झाला. त्याचा पहिला मोठा मानकरी हेंड्रिक आव्हरकाम्प. १५८५ मध्ये ॲम्स्टरडॅमला जन्मलेला हा चित्रकार बालपणापासून काम्पेन या गावी वाढला आणि १६३४ मध्ये तिथेच वारला. तो मुका होता, बहुधा बहिराही. समकालीन लोक त्याला 'काम्पेनचा मुका' याच नावाने ओळखत. त्याच्या चित्रांत शेकडो माणसे बोलतात, हसतात, आपटतात, आणि या साऱ्या गलबल्याची नोंद करणाऱ्याने त्यातला एक शब्दही बहुधा ऐकला नव्हता. हातवारे आणि शरीराचा डौल यांवर त्याची नजर इतकी तल्लख का होती, याचे उत्तर यातच असावे.

ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममधले सुमारे १६०८ चे त्याचे गोठलेल्या पाण्यावरचे चित्र या प्रकाराचा नमुना मानले जाते. बर्फावर सरदार आहे, भिकारी आहे, प्रेमी आहेत, काठीने चेंडू टोलवणारे खेळाडू आहेत, आडोशाला बसून उघड्यावर विधी उरकणारेही आहेत. डावीकडे ब्रूगेलच्या त्या दाराच्या सापळ्याची आठवण मुद्दाम ठेवलेली आहे आणि तिथेच कुत्रा व कावळा मेलेल्या जनावराचे लचके तोडत आहेत. मौज आणि भूक यांच्यात चित्रकाराने भिंत उभी केलेली नाही. तरी ब्रूगेलच्या मानाने इथे मोठा फरक पडला आहे. गावाचे काम मागे सरकले, सुटीची गर्दी पुढे आली. शहरातल्या विकत घेणाऱ्याला हिवाळा करमणुकीचा म्हणून आवडत होता आणि चित्रकारांनी त्याची आवड पुरवली.

यान फान गोयेन, आर्ट फान डेर नेर, इसाक फान ओस्टाडे यांनी हा प्रकार निरनिराळ्या बाजूंनी वाढवला. फान डेर नेरने चांदण्यातला आणि सांजवेळचा बर्फ आपलासा केला. रेम्ब्रांटने १६४६ मध्ये एका छोट्या फळीवर हिवाळ्याचे एकमेव रंगचित्र काढले. त्यात मोजकी माणसे आहेत आणि झरझर ओढलेले फटकारे. शतकाच्या उत्तरार्धात याकोब फान राइसडालने मात्र बर्फातली गर्दी जवळपास हाकलून लावली. त्याच्या हिवाळी चित्रांत काळे ढग दाटून आलेले असतात, घर अर्धे बर्फात रुतलेले असते आणि रस्त्यावर एखाददुसरा माणूस खाली मान घालून चाललेला असतो. डच हिवाळ्यातला सर्वांत प्रामाणिक हिवाळा त्याचाच म्हणावा लागेल. आव्हरकाम्पच्या बर्फावर पाहणाऱ्याला उतरावेसे वाटते. राइसडालच्या बर्फात लवकर घरी पोचावेसे वाटते.

बर्फाचा पांढरा रंग हा चित्रकारांपुढचा जुना पेच होता. शिसे कुजवून केलेला सफेदा हा तैलरंगातला मुख्य पांढरा; त्यात करडा, गेरू, निळा मिसळून छटा साधत. पूर्वेकडे हा पेच वेगळ्या रीतीने सुटला. १८३३-३४ च्या सुमारास हिरोशिगेने तोकाइदो महामार्गावरच्या मुक्कामांची जी ठशांची मालिका केली, तिच्यात कांबारा गावावर रात्री बर्फ पडतो आहे. तिथला बर्फ म्हणजे बव्हंशी न छापलेला कोरा कागद. कांबारा हे समुद्रकाठचे उबदार हवेचे गाव. इतका बर्फ तिथे क्वचितच पडतो. चित्रकाराने हिवाळा कल्पनेने तिथे आणला. भारतात बुंदी आणि पहाडी शैलींतल्या बारामासा चित्रांत मार्गशीर्ष, पौष, माघ हे महिने येतात. तिथे थंडी दिसते ती शेगडी, रजई, अंगाभोवती लपेटलेली शाल यांतून. विषय मात्र नायक-नायिकेच्या सहवासाचा आणि विरहाचा असतो. खेड्यातला कष्टकरी त्यांत कडेला कुठेतरी असतो, चित्राचा धनी तो नाही.

कष्टकरी पुन्हा मध्यभागी आला तो एकोणिसाव्या शतकाच्या फ्रान्समध्ये. झां-फ्रांस्वा मिले नॉर्मंडीतल्या शेतकरी घरात १८१४ मध्ये जन्मला आणि १८४९ पासून फोंतेनब्लोच्या जंगलाशेजारी बार्बिझों गावात राहिला. जंगलातले पडलेले वाळके लाकूड वेचणाऱ्या बायका तो रोज पाहत होता. आयुष्याच्या अखेरीला ऋतूंच्या चार चित्रांचे काम त्याच्याकडे आले. त्यांतले हिवाळ्याचे चित्र म्हणजे पाठीवर प्रचंड मोळ्या घेऊन रानातून निघालेल्या बायका. १८७५ मध्ये मिले वारला तेव्हा ते अपुरेच होते. आज ते वेल्समधल्या कार्डिफ येथे आहे. चेहरे धूसर आहेत आणि मोळ्या अंगापेक्षा मोठ्या, त्यामुळे झाडेच चालू लागल्याचा भास होतो. लिंबुर्ग बंधूंच्या पानावर जे काम अंगणापलीकडे, कडेला चालले होते, ते इथे सगळी चौकट व्यापून उभे राहिले आहे. या विषयावरचे हे सर्वश्रेष्ठ चित्र आहे, असे म्हणायला हरकत नाही.

मिलेने त्याआधी शायी (Chailly) गावच्या मैदानाचेही एक हिवाळी चित्र काढले होते. त्यात माणूस नाही. गोठलेल्या शेतात टाकून दिलेला नांगर आहे, दात्यांचा कुळव आहे आणि वर कावळे घिरट्या घालत आहेत. शेतकऱ्याची अनुपस्थिती अवजारांवरून जाणवते. जानेवारी १८९० मध्ये सें-रेमीच्या मनोरुग्णालयात असताना व्हिन्सेंट व्हॅन गॉगने या चित्राच्या छापील प्रतीवरून आपले चित्र रंगवले. काळ्यापांढऱ्या छापाला त्याने निळा-हिरवा गारठा दिला आणि शेतावर बर्फ आणखी पसरला. तिथे जवळ कुणी शेतकरी असेल तर तो घरात चुलीपाशी आहे, एवढेच पाहणारा समजू शकतो.

मिलेच्या हयातीतच प्रभाववाद्यांनी बर्फाकडे प्रकाशाचा खेळ म्हणून पाहायला सुरुवात केली. तयार रंगांच्या धातूच्या नळ्या १८४१ पासून मिळू लागल्या होत्या, कोबाल्ट निळा आणि कृत्रिम अल्ट्रामरीन स्वस्त झाले होते. त्यामुळे चित्रफळा घेऊन थेट बर्फात उभे राहणे शक्य झाले. क्लोद मोनेने १८६८-६९ च्या हिवाळ्यात एत्रता गावाजवळ 'मॅगपाय' हे चित्र काढले. काटक्यांचे कुंपण, त्याच्या फाटकावर बसलेला एक काळापांढरा पक्षी आणि बर्फावर पडलेल्या निळ्या सावल्या. १८६९ च्या सरकारी प्रदर्शनाने ते नाकारले. सावली निळी असते हे डोळ्यांना दिसत असूनही मान्य करायला परीक्षकांना वेळ लागला. चित्र अतिशय सुंदर आहे, पण त्यात गाव उरलेले नाही. इथे बर्फ पूर्णपणे एकटा पडला.

कामिय पिसारोने मात्र माणसाला सोडले नाही. त्याचे १८७३ चे 'पांढरे दहिवर' हे चित्र पुढच्या वर्षी प्रभाववाद्यांच्या पहिल्याच प्रदर्शनात लागले आणि टीकाकारांनी त्याची टर उडवली. शेताच्या तासांवर गोठलेले दव त्यांना मळक्या कापडावरचे रंगांचे फराटे वाटले. त्या तासांवर चौकटीबाहेरच्या झाडांच्या लांब सावल्या आडव्या पडल्या आहेत आणि त्यांच्यामधून एक म्हातारा काठी टेकत, पाठीवर मोळी घेऊन चालला आहे. नव्या रंगदृष्टीने पाहिलेला हा जुनाच मोळीवाला आहे.

रशियात हिवाळा हा देशाच्या स्वभावाचाच भाग असल्यामुळे तिथल्या वास्तववादी चित्रकारांनी त्याच्यातून गावाचे दुःख मांडले. वासिली पेरोव्हच्या १८६५ च्या चित्रात बर्फातून एक घसरगाडी चालली आहे. तिच्यावर शवपेटी आहे, दोन मुले पेटीला बिलगली आहेत आणि गाडी हाकणाऱ्या विधवेची फक्त वाकलेली पाठ दिसते. चेहरा न दाखवता शोक दाखवण्याचे हे सामर्थ्य असामान्य आहे. अलेक्सेई साव्रासोव्हने १८७१ मध्ये कोस्त्रोमा भागातल्या एका खेड्यात वितळू लागलेला, मळलेला बर्फ आणि परतलेले पक्षी रंगवले. इगोर ग्राबारने १९०४ मध्ये भूर्जवृक्ष आणि फेब्रुवारीचे निळे आकाश खालून पाहता यावे म्हणून बर्फात खोल चर खणून त्यात उभे राहून काम केले. त्याचे लक्ष प्रकाशावर होते, गावावर नव्हते.

या सगळ्या नामावलीत स्वतः शेतावर राबलेली माणसे फार थोडी. म्हणून अमेरिकेतल्या ॲना मेरी रॉबर्टसन मोझेस यांचा उल्लेख शेवटी करणे भाग आहे. १८६० मध्ये जन्मलेल्या मोझेस आयुष्यभर शेतकरीण होत्या. सत्तरी उलटल्यावर त्यांनी नेटाने रंगवायला घेतले. १९३८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका औषधाच्या दुकानात मांडलेली त्यांची चित्रे एका संग्राहकाने पाहिली आणि १९४० मध्ये त्यांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले. मेपलचा रस आटवून साखर करण्याचा सरत्या हिवाळ्यातला उद्योग त्यांनी वारंवार रंगवला : झाडांना लटकवलेल्या बादल्या, बर्फावरून रस वाहून नेणाऱ्या घसरगाड्या, मोठ्या कढया आणि त्यांखाली सतत पेटत ठेवावा लागणारा जाळ. बर्फ चमकावा म्हणून त्या चकाकणारी पूडही वापरत, आणि त्यावर नाक मुरडणाऱ्या समीक्षकांना उन्हातला ताजा बर्फ कसा दिसतो हे त्यांच्याइतके ठाऊक नव्हते.

इथे आलेली बरीच चित्रे व्हिएन्ना, ब्रसेल्स, ॲम्स्टरडॅम, पॅरिस आणि मॉस्को येथील संग्रहालयांत आहेत. त्यांतल्या अनेक संग्रहालयांनी आपल्या संकेतस्थळांवर मोठ्या आकारातल्या प्रतिमा विनामूल्य खुल्या ठेवल्या आहेत. पुस्तकातल्या छोट्या छपाईत बर्फ तेवढा दिसतो आणि ब्रूगेलच्या पुलावरची बाई ठिपक्याएवढीही उरत नाही. म्हणून वाचकाने प्रतिमा शक्य तेवढी मोठी करून चित्राच्या कडांपासून आत यावे, मोळी कुणाच्या पाठीवर आहे आणि ती कोणत्या घराकडे चालली आहे ते शोधावे, त्या घराच्या धुराड्यातून धूर निघतो की नाही तेही पाहावे.